नावे सगळी पाठ, तरी ‘का?’ विचारले की गप्प

पत्राचा सारांश: पत्रलेखिकेचे वय ३३ आहे. वाणिज्य शाखेची पदवी आणि दहा वर्षे हिशेबाची नोकरी यांनंतर त्यांनी नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला असून हे त्यांचे पहिले वर्ष आहे. हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या यांची नावे त्या रात्र रात्र जागून पाठ करतात आणि आकृतीत नावे देण्याच्या प्रश्नांना त्यांना चांगले गुण मिळतात. शरीरक्रियाशास्त्राचा पेपर मात्र कसाबसा निघाला, आणि तोंडी परीक्षेत ‘हृदयाच्या डाव्या जवनिकेची (रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची) भिंत उजवीपेक्षा जाड का असते?’ या प्रश्नाला त्या ‘ती डावी असते म्हणून’ असे उत्तर देऊन बसल्या. परीक्षक हसले. वर्गातील बाकीचे विद्यार्थी पंधरा वर्षांनी लहान आणि विज्ञान शाखेतून आलेले आहेत. एका सीनियर विद्यार्थिनीने ‘आधी सगळी शरीररचना संपवा, मग शरीरक्रियेकडे वळा’ असा सल्ला दिला आहे. घरचे म्हणतात, झेपत नसेल तर वेळीच सोडलेले बरे. त्या विचारतात: ‘विज्ञानाचे डोके नसलेल्या माणसाने हा अभ्यास सोडून द्यावा, की पाठांतराचे तास वाढवावेत?’ ताजा कलम म्हणून त्यांनी आणखी विचारले आहे की आकृतीत डावे-उजवे आपल्याकडून नेहमी उलटे का होते.

उत्तर:

सुरुवात तुमच्या फसलेल्या उत्तरापासूनच करू या. ज्यांना विज्ञानाचे डोके आहे असे तुम्ही समजता, त्यांच्यापैकी अनेकजण याच प्रश्नाला जे उत्तर देतात तेही चुकीचेच असते. फरक इतकाच की ते ठामपणे दिलेले असल्यामुळे परीक्षक हसत नाहीत. ‘डावी जवनिका साऱ्या शरीराला रक्त पुरवते आणि उजवी फक्त फुफ्फुसांना, म्हणून डावीला जास्त रक्त ढकलावे लागते’, हे वाक्य मी शिकवण्याच्या वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे की आता पहिल्या तीन शब्दांवरून पुढचे ओळखू येते.

ते वाक्य तुम्ही हिशेबनीसाच्या नजरेने तपासून पाहा. उजव्या जवनिकेतून निघालेले रक्त फुफ्फुसांतून फिरून हृदयाच्या डाव्या बाजूला येते आणि डाव्या जवनिकेतून निघालेले रक्त शरीरभर फिरून पुन्हा उजव्या बाजूला येते. मार्ग एकच आणि तो बंद आहे. समजा, उजवीने प्रत्येक ठोक्याला डावीपेक्षा अवघे एक मिलिलिटर रक्त जास्त ढकलले. मिनिटाला ७० ठोके धरले तर तासाभरात ४.२ लिटर रक्त फुफ्फुसांत साचेल, आणि प्रौढ माणसाच्या अंगात मुळात रक्तच सुमारे ५ लिटर असते. तेव्हा दोन्ही जवनिकांची जावक सरासरीने सारखीच असली पाहिजे. फरक आहे तो दाबाचा. शरीरभर पसरलेल्या बारीक रोहिण्यांचा (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचा) रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, मोठा असल्यामुळे डावीला आकुंचनाच्या वेळी सुमारे १२० मिलिमीटर पारा इतका दाब निर्माण करावा लागतो. फुफ्फुसांतील वाहिन्यांचा रोध पुष्कळ कमी असल्याने उजवीचे काम सुमारे २५ मिलिमीटरवर भागते. तेवढेच रक्त, पण कितीतरी जास्त दाबाने ढकलायचे असल्यामुळे डावीचा स्नायू जाड झालेला असतो.

‘झालेला’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. गर्भात असताना फुफ्फुसे हवेने भरलेली नसतात, त्यांतील वाहिन्यांचा रोध मोठा असतो, आणि उजव्या जवनिकेतील बरेचसे रक्त एका जोडवाहिनीतून थेट महारोहिणीत जाते. म्हणजे त्या काळात उजवीलाही शरीराच्याच रोधाविरुद्ध काम करावे लागते. त्यामुळे नवजात बाळाच्या दोन्ही जवनिकांच्या भिंती जवळजवळ सारख्याच जाडीच्या असतात. बाळ पहिला श्वास घेते, फुफ्फुसांतील रोध उतरतो, जोडवाहिनी बंद होते आणि पुढच्या काळात डावी जाड होत जाते, उजवी मागे राहते. तुम्ही पाठ केलेली ‘जाड भिंत’ ही जन्मापासून केलेल्या कामाची खूण आहे. पलंगाला खिळलेल्या रुग्णाची हाडे विरळ होतात तेही याच न्यायाने. शरीररचना म्हणजे फार संथ गतीने चाललेली शरीरक्रियाच आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

म्हणूनच तुमच्या सीनियर मैत्रिणीचा सल्ला, तो कितीही आपुलकीने दिलेला असला तरी, मी मानू नका असे सांगेन. आधी रचना संपवायची आणि मग क्रियेकडे वळायचे, या क्रमामागे एक गृहीतक आहे: रचना म्हणजे सामानाची यादी आणि क्रिया म्हणजे त्या सामानाचे वापरपत्रक. पुस्तकांच्या आणि वेळापत्रकाच्या सोयीसाठी ही विभागणी ठीक आहे. पण केवळ रचना पाहणाऱ्याची कशी फसगत होते, याचे उदाहरण या शास्त्राच्या इतिहासातच आहे. इटलीतील पादुआ येथे शिकवणाऱ्या फॅब्रिशियस यांनी नीलांमधील, म्हणजे हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या शिरांमधील, झडपांचे बारकाईने वर्णन केले आणि ते १६०३ मध्ये प्रसिद्ध झाले. झडपा त्यांनी पाहिल्या होत्या, त्यांच्या आकृत्या छापल्या होत्या. पण रक्त हातापायांकडे वेगाने धावून तेथे साचू नये म्हणून त्या त्याचा वेग कमी करतात, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वे यांनी त्याच झडपा पाहून वेगळा प्रश्न विचारला: या दरवाजातून रक्त कोणत्या दिशेने जाऊ शकते?

हार्वे यांचा प्रयोग तुम्ही आत्ता करू शकता. हात थोडा वेळ खाली सोडून ठेवा, म्हणजे कोपराखालची एखादी शीर फुगेल. मनगटाच्या बाजूला एका बोटाने ती दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने त्यातील रक्त कोपराच्या दिशेने, शिरेवर दिसणाऱ्या एखाद्या गाठीसारख्या उंचवट्याच्या पुढे सारा. आता वरचे बोट उचला. त्या उंचवट्यापर्यंत रक्त परत येईल आणि तेथेच थांबेल. खालचा भाग चपटाच राहील. मग खालचे बोट उचला, की शीर मनगटाकडून झर्रकन भरेल. गाठ म्हणजे झडप, आणि तिच्यातून रक्त फक्त हृदयाकडे जाते. शिरा ठळक दिसत नसतील तर घरातील एखाद्या सडपातळ माणसाचा हात मागून घ्या.

हार्वे यांचा दुसरा युक्तिवाद तुमच्या जुन्या नोकरीच्या अगदी जवळचा आहे. त्या काळी असे मानत की अन्नापासून यकृतात रक्त तयार होते आणि अवयव ते वापरून संपवतात. हार्वे यांनी एका ठोक्याला हृदयातून किती रक्त निघत असेल याचा कमीत कमी अंदाज घेतला, त्याला ठोक्यांनी गुणले, आणि दाखवून दिले की अर्ध्या तासात निघणारे रक्त अंगातील एकूण रक्ताहून जास्त भरते. इतके रक्त खाल्लेल्या अन्नातून तयार होणे शक्य नाही. तेव्हा तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. आजच्या आकड्यांनी, ठोक्याला ७० मिलिलिटर आणि मिनिटाला ७० ठोके धरले, तर दिवसाला सुमारे सात हजार लिटर होतात. हे त्यांनी १६२८ मध्ये मांडले. रोहिण्या आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या तोवर कोणी पाहिलेल्याही नव्हत्या; त्या १६६१ मध्ये मालपिघी यांना बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकातून दिसल्या. हिशेब जुळत नव्हता, म्हणून न दिसलेल्या वाटा असल्याच पाहिजेत, असे म्हणण्याचे धाडस हार्वे करू शकले.

‘विज्ञानाचे डोके’ म्हणजे तुम्हाला नेमके काय अभिप्रेत आहे, असे म्हणूनच विचारावेसे वाटते. शरीरक्रियाशास्त्राचा फार मोठा भाग जमा, खर्च आणि शिल्लक यांचा आहे आणि दहा वर्षे तुम्ही तेच पाहिले आहे. रक्तातील साखर घ्या. उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तामागे ९० मिलिग्रॅम हा आकडा तुम्हाला पाठ असेल. त्याला ५ लिटरांनी गुणून पाहिले आहे का? सगळ्या रक्तात मिळून साखर साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लहानसा चमचाभर भरते. एकट्या मेंदूचा दिवसाचा खर्च सुमारे १२० ग्रॅम, तासाला ५ ग्रॅम आहे. नवी जमा झाली नाही तर तासाभरात खाते रिकामे होईल, इतकी ही शिल्लक तुटपुंजी आहे. तरीही रात्रभर काही न खाता माणूस सकाळी धडधाकट उठतो. ज्या खात्यात शिल्लक नेहमी एवढीशी आणि रोजची उलाढाल तिच्या कितीतरी पट असते, त्याच्याकडे पाहून हिशेबनीस पहिला प्रश्न विचारेल की मागे राखीव कोठार कोणाचे आहे आणि ते उघडण्याचा व बंद करण्याचा हुकूम कोण देते. यकृतातील ग्लायकोजेन (राखीव साठा), ग्लुकागॉन (तो उघडायला लावणारे संप्रेरक) आणि इन्सुलिन (साखर साठवायला लावणारे संप्रेरक) ही तीन नावे त्या प्रश्नाची उत्तरे म्हणून वाचली की पाठ करावी लागत नाहीत.

याच कल्पनेला समस्थिती किंवा होमिओस्टॅसिस म्हणतात. शरीराच्या आतील द्रवाचे वातावरण स्थिर राहते हा विचार एकोणिसाव्या शतकात क्लोद बेर्नार यांनी मांडला आणि होमिओस्टॅसिस हा शब्द वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये रूढ केला. ‘स्थिर’ या शब्दाने मात्र पुष्कळांची दिशाभूल होते. शरीरात शांतता कोठेच नसते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर सोडून बाकीचा सगळा परत घेतात. पाण्याची पातळी हलली नाही, याचा अर्थ नळ बंद आहे असा होत नाही.

आता तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त अडवणाऱ्या गोष्टीकडे, ‘का’ या शब्दाकडे, येतो. या शब्दाने आपण दोन वेगळे प्रश्न विचारतो: कशासाठी, आणि कशामुळे. श्वास रोखून धरला की थोड्या वेळाने तो घेतल्याशिवाय राहवत नाही. का? ‘शरीराला ऑक्सिजन हवा असतो म्हणून’, असे बहुतेक विद्यार्थी लिहितात. हे ‘कशासाठी’चे उत्तर झाले, आणि ‘कशामुळे’ म्हणून वाचले तर ते चूकच आहे. ती असह्य ओढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे लागते. तो पाण्यात मिसळून आम्ल तयार होते, आणि मेंदूच्या तळाशी मेड्यूलामध्ये असलेल्या पेशींना ही वाढती आम्लता जाणवते. ऑक्सिजन मोजणारे संवेदक मानेतील रोहिणींपाशी आहेत, पण त्याचे प्रमाण बरेच खाली आल्याशिवाय ते फारसा गलका करत नाहीत. हा फरक केवळ गुणांपुरता नाही. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावे म्हणून आधी जोरजोराने श्वास घेणारा पोहणारा ऑक्सिजनचा साठा नाममात्रच वाढवतो, पण कार्बन डायऑक्साइड मात्र खूप कमी करून टाकतो. मग धोक्याची घंटा वाजण्याआधीच ऑक्सिजन संपत येतो आणि तो पाण्यातच बेशुद्ध होतो. ‘शरीराला हवे असते म्हणून’ या उत्तरावर विसंबणाऱ्याला हा मृत्यू समजावून सांगता येणार नाही.

म्हणून वहीत ‘म्हणून’ लिहिण्यापूर्वी थांबण्याची सवय लावून घ्या. बदल झाला हे प्रथम कोणाला कळले, त्याने कोणाला कळवले, आणि शेवटी कोणता स्नायू किंवा कोणती ग्रंथी हलली, एवढे तुम्हाला सांगता आले पाहिजे. ताप हे याचे चांगले उदाहरण आहे, आणि ते तुम्हाला लवकरच रोज दिसेल. दोन रुग्णांचे तापमान ३८.५ अंश सेल्सियस आहे. एक कुडकुडत पांघरूण मागतो आहे, दुसरा घामाने भिजला आहे. कोष्टकात पाहिले तर दोघेही सारखेच. पण पहिल्याच्या मेंदूने आपले लक्ष्य ३७ वरून उचलून, समजा, ३९.५ वर नेऊन ठेवले आहे, आणि त्या मानाने त्याचे शरीर थंड आहे. दुसऱ्याचे लक्ष्य खाली आले आहे आणि शरीर जास्तीची उष्णता बाहेर टाकत आहे. पहिल्याचा ताप अजून चढणार आहे, दुसऱ्याचा उतरतो आहे. ३७ हा आकडा पाठ असून येथे उपयोग नाही. तो कोण धरून ठेवते हे माहीत असावे लागते.

पाठांतराला नावे ठेवण्याची सध्या पद्धत पडली आहे. मी त्यात सामील नाही. नितंबात इंजेक्शन देताना सायटिक मज्जातंतू कोठून जातो हे तुम्हाला विचार करून आठवायला लागले तर उशीर झालेला असेल. फक्त पाठांतराचे तास वाढवू नका, कमी करा. रोज ठरावीक अर्धा तास, आणि तोही नावे फोडून. ‘एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस लाँगस’ हे लांबलचक नाव म्हणजे छोटे वर्णनच आहे: मनगट मागे वळवणारा, रेडियस हाडाच्या म्हणजे अंगठ्याच्या बाजूचा, लांब. ‘लांब’ म्हटले म्हणजे एखादा आखूडही असणार, हे तुम्ही पान उलटण्याआधीच ओळखाल.

नावानंतर लगेच आपल्याच अंगावर हात ठेवा. कोपर काटकोनात वाकवून दुसऱ्या हाताने दंडाचा बायसेप्स धरा आणि पालथा तळहात उताणा करा. स्नायू बोटांखाली टणक होईल, विशेषतः कोणी तुमची मूठ धरून विरोध केला तर. ‘बायसेप्स कोपर वाकवतो’ हे पाठ केलेले वाक्य अपुरे आहे हे एका मिनिटात कळते, आणि मग आकृतीत त्याचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) रेडियसवर नेमका कोठे जाऊन चिकटला आहे हे पाहण्याची इच्छा आपोआप होते. त्यानंतर पुस्तक मिटून तोच भाग कोऱ्या कागदावर काढा. चित्र वाईट आले तरी चालेल, पण जेथे काही वाहते तेथे बाण हवा, आणि प्रत्येक बाणावर त्याला ढकलणारी गोष्ट लिहिलेली हवी: दाबातला फरक, विद्राव्याच्या प्रमाणातला फरक, की ऊर्जा खर्च करून ओढणारा पंप. ज्या बाणावर तुम्हाला काहीच लिहिता येत नाही तेथेच दुसऱ्या दिवशीचा अभ्यास सुरू होतो. फिजिओथेरपी किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यास करणाऱ्या ज्या वाचकांची अशीच पत्रे येतात, त्यांनाही मी एवढेच सांगतो.

राहिला सोडून देण्याचा प्रश्न. रुग्णाच्या शेजारी उभे राहण्याचे कामच तुम्हाला नको असेल, तर सोडणे शहाणपणाचे ठरेल आणि त्यात कमीपणा नाही. पण तुमच्या पत्रात तसे एकही वाक्य नाही. तुमची तक्रार एका विषयाशी आहे आणि तीही, मला वाटते, तो चुकीच्या बाजूने हातात धरल्यामुळे आहे. घरच्यांना एवढे सांगा की पुढची परीक्षा होईपर्यंत निर्णय लांबणीवर टाकला आहे. आणि वर्गातील त्या लहान मुलांपैकी एखादीला आठवड्यातून एकदा समोर बसवून तुमच्या आकृतीवर फक्त ‘का’ आणि ‘नाहीतर काय झाले असते’ एवढेच विचारायला सांगा. मुली हे काम आनंदाने करतात. शिवाय, दोन्ही जवनिकांची जावक सारखी का, हे तुम्ही त्यांना शिकवू शकाल.

ताजा कलमाचे उत्तर सोपे आहे. आकृतीतील डावे-उजवे हे पाहणाऱ्याचे नसून त्या शरीराचे असते. सर्व वर्णने एका ठरावीक स्थितीतून केलेली असतात: माणूस ताठ उभा, तोंड समोर, हात बाजूला आणि तळहात पुढे. तो तुमच्याकडे तोंड करून उभा असल्यामुळे त्याचे यकृत तुमच्या डाव्या हाताला येते. पुस्तक आरशासारखे धरले की गोंधळ होतो. ते समोर उभ्या असलेल्या रुग्णासारखे धरा, आणि सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक आकृतीच्या कोपऱ्यात पेन्सिलने ‘त्याचा उजवा’ असे लिहून ठेवा.